रिसेप्शनचं जेवण ठरवताना: पदार्थ कमी, वाढपी जास्त

मागच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, पुण्यात, आणि जेवणाचं खातं माझ्याकडे आलं. का, तर "तुला खायची आवड आहे ना, मग तूच बघ" हे बाबांचं लॉजिक. खायची आवड असणं आणि चारशे माणसांना खायला घालणं या दोन अत्यंत वेगळ्या गोष्टी आहेत हे मला रिसेप्शनच्या दिवशी रात्री पावणेनऊला कळलं, जेव्हा मठ्ठा संपला, डोशाची लाईन स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आली आणि मसालेभाताचं अख्खं पातेलं तसंच झाकलेलं पडून होतं कारण बुफेवर ते आणून ओतायला माणूसच नव्हता. तेव्हापासून ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की मला फोन येतो. तेच सगळं इथे एकदाच लिहून टाकते.

पहिलं काम: माणसं मोजा, मेनू नंतर

सगळेजण मेनूपासून सुरुवात करतात कारण त्यात मजा असते. नका करू. आधी यादी काढा आणि यादीत पत्रिका मोजू नका, डोकी मोजा. पत्रिकेवर आपणच छापतो 'सहकुटुंब सहपरिवार' आणि हिशेबात मात्र एक पाकीट म्हणजे एक माणूस धरतो, असं कसं चालेल? मी नंतर शिकलेली पद्धत सांगते. यादीचे चार भाग करा: घरचे आणि जवळचे नातेवाईक (हे सगळेच्या सगळे येतात, वर दोन जास्त येतात), सोसायटी आणि शेजारी (घरटी दोन धरा), ऑफिस (निम्मे येतात, पण सगळे एकाच गाडीतून एकाच वेळी), आणि आईबाबांच्या 'बोलवायला तर हवंच' कॅटेगरीतले (यांचा अंदाज फक्त आईबाबाच देऊ शकतात, त्यांनाच विचारा). मुलाकडच्यांचा आकडा त्यांच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल, पण तोंडी नको. तोंडी आकडा दर आठवड्याला बदलतो.

मग येतो केटररचा शब्द, गॅरंटी. म्हणजे तुम्ही ३५० ताटांची गॅरंटी दिली आणि २८० च माणसं आली तरी पैसे ३५० चे द्यायचे. म्हणून गॅरंटी थोडी कमी द्यायची आणि वर किती ताटं तो त्याच रेटमध्ये करून देईल ते आधीच ठरवून घ्यायचं. आम्ही ३५० दिली, वर ३५ ची बोली होती, आली ४१०. आकडा फायनल कधी करायचा तेही विचारा, बहुतेक जण तीन-चार दिवस आधीपर्यंत बदलू देतात. आणि हो, फोटोग्राफर, व्हिडिओवाले, मेकअपवाली, ढोलवाले, ड्रायव्हर ही माणसंपण जेवतात. आमच्याकडे ती बावीस होती आणि कुणाच्याच यादीत नव्हती.

दुसरं: वेळ बघा, कारण वेळच मेनू ठरवते

सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन यांचं जेवण एकसारखं असूच शकत नाही. दुपारी अक्षता पडल्या की सगळे एकदम भुकेजून उठतात, तिथे पंगत किंवा साधा सुटसुटीत बुफे लागतो. रिसेप्शनला पत्रिकेवर ७ ते १० लिहिलेलं असतं पण खरी गर्दी सव्वाआठ ते सव्वानऊ. म्हणजे तीन तासांचं जेवण प्रत्यक्षात एका तासात होतं. हे एक डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सगळं यावर आहे.

आता जरा गणित. बुफेच्या एका ओळीतून मिनिटाला चार-पाच माणसं पुढे सरकतात, मी स्वतः नंतर दोन लग्नांत घड्याळ लावून बघितलंय (हो, मी आता तशी बाई झालेय). म्हणजे तासाला अडीचशे ते तीनशे. चारशे माणसं असतील तर एक ओळ पुरत नाही, दोन ओळी हव्यात, आणि दोन्हीकडे सगळे पदार्थ हवेत, नाहीतर लोक या ओळीतून त्या ओळीत घुसतात आणि भांडणं होतात. डोशाचं बघा. मोठ्या तव्यावर एका वेळी तीन डोसे, चार मिनिटांत एक घाणा, तासाला पंचेचाळीस डोसे. चारशे माणसांत पंचेचाळीस! उरलेली साडेतीनशे माणसं नुसती डोशाचा वास घेत उभी. केटररने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की सहा लाईव्ह काउंटर देतो, आणि आम्ही खूश, फुकट मिळाल्यासारखं. सहा काउंटर म्हणजे सहा लाईनी, आणि एका लाईनीत पंधरा मिनिटं थांबलेला माणूस दुसऱ्या लाईनीत जात नाही, तो सरळ बाहेर जाऊन पाकीट देऊन घरी जातो.

म्हणून माझं मत ऐकाल तर दोनच लाईव्ह काउंटर, आणि तेही पटकन हात चालणारे. पाणीपुरी-शेवपुरी चालते, एक माणूस एका वेळी सहा जणांना देतो. पावभाजी चालते कारण भाजी तयार असते. डोसा, पास्ता, गरम फुलके यांचं फोटोत छान दिसतं, बास.

तिसरं: मेनू

आता या मजेकडे. पदार्थ निवडताना चव हा एकच प्रश्न नसतो, तो पदार्थ दोन तास भांड्यात बसून कसा लागेल हा मोठा प्रश्न असतो. मसालेभात, मटकीची उसळ, बटाट्याची रस्साभाजी, अळूची भाजी, हे सगळं बसल्यावर उलट मुरतं. पुऱ्या, भजी, बटाटेवडे बसले की गेले. कोथिंबीर वडी मधली, म्हणजे उंडे आधी उकडून ठेवतात आणि तळतात तिथे ताज्या, म्हणून ती स्टार्टरला मस्त. सुरळीची वडी गारच खायची असते त्यामुळे तिला काहीच होत नाही, फक्त ती करणारा हात हवा, तो कमी जणांकडे असतो.

आपल्या पारंपरिक ताटाला लोक आता जुनाट म्हणतात पण त्यात डोकं आहे. जिलेबीबरोबर मठ्ठा का असतो? गोड-तुपकट खाऊन तोंड बसतं आणि आलं-मिरची-हिंगाचा मठ्ठा ते परत उघडतो. अळूच्या भाजीत मुळा, चणाडाळ, शेंगदाणे, आंबट चुका, म्हणजे एका पळीत आंबट, गोड, कुरकुरीत सगळं. तुमच्या गावचं जे आहे ते एक तरी ठेवाच. खानदेशातले असाल तर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, कोकणातले असाल तर काळ्या वाटाण्याची आमटी, वडे आणि सोलकढी, सोलापूरकडचे असाल तर शेंगापोळी किंवा गव्हाची खीर. पनीर बटर मसाला सगळ्यांनी सगळीकडे खाल्लाय, तुमच्या लग्नातला कुणाला आठवणार नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नात बट्टी होती, पाच वर्षं झाली, पुण्याचे पाहुणे अजून विचारतात.

नॉनव्हेज ठेवायचं असेल तर ठेवा, कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा नसेल तर लोक नाराज होतात, पण मग दिवस बघा. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारे ढीगभर, आणि मार्गशीर्षात रिसेप्शन असेल तर गुरुवारचं व्रत आहेच, खंडोबाचं नवरात्र म्हणजे चंपाषष्ठीपर्यंतचे दिवसही अनेक घरांत पाळतात. व्हेज-नॉनव्हेज टेबलं लांब लांब, डाव-पळ्या वेगळ्या, आणि मोठ्या अक्षरात पाटी. एक आजी चुकून रश्श्यापाशी गेल्या तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

तसंच उपवास. तारीख ठरली की कॅलेंडर उघडून एकादशी-संकष्टी आहे का बघा, असेल तर थोडी साबुदाणा खिचडी, दही आणि काकडीची कोशिंबीर बाजूला सांगून ठेवा. कांदा-लसूण नसलेलं एक-दोन पदार्थ, जैन पाहुणे असतील तर बटाटाही नसलेलं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल कुणाचं असेल तर त्याच्या आईला आधीच सांगा, कारण आपल्या मराठी स्वयंपाकात कूट कशात नसतं? कोशिंबिरीत असतं, अळूत असतं, खिचडीत असतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी मात्र एकच गोष्ट, मऊ वरण-भात आणि तूप. हे नसलेलं रिसेप्शन मी बघितलंय, चार वर्षांचा मुलगा हाका नूडल्स बघून रडत होता आणि त्याची आई त्याच्याहून जास्त.

चारशे माणसांसाठी आता मी निवडलं तर असं निवडीन: सुरुवातीला पन्हं आणि कोथिंबीर वडी, पाणीपुरीचं काउंटर, पावभाजीचं काउंटर, मग मसालेभात, वरण-भात, एक सुकी भाजी, एक रस्सा, एक पनीर (मुलाकडच्यांसाठी, वाद नको), कोशिंबीर, पापड, पोळ्या, जिलेबी, मठ्ठा, शेवटी आइस्क्रीम. बास. यादी वाचायला लहान वाटते पण सगळं मिळतं.

प्यायचं

इथे सगळ्यात जास्त फसतात लोक, आम्हीपण. आम्ही मठ्ठा सांगितला ८० लिटर, हिशेब साधा, चारशे माणसं गुणिले २०० मिली. कागदावर बरोबर. मे महिना, लॉन, साडेसातलाही जमिनीतून वाफा येतायत, माणूस एक ग्लास पिऊन थांबतो का? काही जणांनी तर स्टेजच्या लाईनीत उभं राहून तीन तीन ग्लास घेतले. उन्हाळ्यात माणशी ३०० मिली धरा, म्हणजे चारशेला १२० लिटर. थंडीत उलटं, तिथे निम्मा मठ्ठा उरतो आणि लोक चहा-कॉफी विचारत फिरतात, डिसेंबर-जानेवारीच्या लॉनवर मसाला दूध आणि गरम सूप ठेवलं तर लोक तुम्हाला दुवा देतील.

वेलकम ड्रिंकला ते निळं-हिरवं सोड्याचं पाणी ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यात कैरीचं पन्हं किंवा कोकम सरबत ठेवा. आंब्याच्या दिवसांत आमरसाचा मोह होतो, ठेवा पण विचारा की ताज्या आंब्याचा का डब्यातल्या पल्पचा, दोन्हीचा रेट वेगळा आणि चव तर फारच वेगळी.

पाण्यासाठी छोट्या बाटल्या नको. लोक अर्धी पितात, ठेवतात, विसरतात, नवीन घेतात. २० लिटरचे जार आणि धुतलेले स्टीलचे ग्लास. माणशी अर्धा लिटर म्हणजे एक जार चाळीस जणांना, चारशेला दहा, उन्हाळ्यात पंधरा सांगा. आणि बर्फ. बर्फ कुठून येतो हे विचारायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. लादी निळसर दिसली तर ती बाहेरून बाटल्या गार करायला ठीक, ग्लासात नाही. पांढरी दिसली म्हणून गप्प बसू नका, खाण्याचाच बर्फ आहे ना हे केटररला तोंडावर विचारा.

दारू ठेवायची असेल तर लपूनछपून नको, राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना मिळतो, तो काढा, आणि त्याआधी हॉलवाल्याला विचारा कारण बरीच मंगल कार्यालयं मुळातच परवानगी देत नाहीत. ड्राय डे बघा. महाराष्ट्रात बिअर-वाईनला वयाची २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे, आणि नवरदेवाच्या मित्रांचा ग्रुप बघता हे सांगून ठेवलेलं बरं. माझा सल्ला विचाराल तर ती पार्टी वेगळ्या दिवशी करा. आत्या आणि बिअर एका लॉनवर जमत नाही.

चौथं: केटरर आणि टेस्टिंग

टेस्टिंगला बोलावतात, सहा माणसांसाठी केलेलं जेवण वाढतात, ते चांगलं असणारच हो! सहा माणसांचं कुणालाही जमतं. खरी परीक्षा वेगळी आहे. केटररला सांगा की तुमचं दुसरं एखादं काम असेल तिथे मला बघायला यायचंय, त्या घरच्यांना विचारून, आणि तिथे साडेआठला नका जाऊ, साडेनऊला जा. शेवटच्या अर्ध्या तासात भांडी भरलेली आहेत का, टेबलक्लॉथवर सांडलेलं कुणी पुसतंय का, कोशिंबिरीला पाणी सुटलंय का, उष्टी ताटं उचलली जातायत का, हे बघा. मागे जाऊन हात धुवायला पाणी आणि साबण आहे का तेही बघा. जो केटरर "या की" म्हणतो त्याला निम्मे मार्क तिथेच.

मग विचारायच्या गोष्टी. अन्नसुरक्षेचं लायसन्स आहे का, त्यावर चौदा आकडी नंबर असतो. रेट जीएसटी धरून की सोडून. पनीर दुधाचं की तेलापासून केलेलं, दिसायला पनीरसारखं ॲनालॉग. रेटमध्ये पाणी, बर्फ, आइस्क्रीम, विडा, टेबल-खुर्च्या, भांडी घासणं हे आहे की वेगळं. थर्माकोलच्या प्लेटा आणि प्लास्टिकचे ग्लास महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, तरी कुणी आणलेच तर दंडाची कटकट तुमच्या दारात, म्हणून ताटं कसली ते विचारा. पळसाची पत्रावळ आणि द्रोण मला तर आवडतात, फक्त रस्सा द्रोणात घ्या, साडीवर नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न जो कुणी विचारत नाही: माणसं किती आणणार? आचारी नाही, वाढपी. आमच्याकडे चारशेला अकरा होते, त्यातले सहा काउंटरवर अडकलेले, म्हणजे भांडी भरायला, ताटं उचलायला, पाणी बघायला पाच. पाच! तो मसालेभात त्यामुळेच पातेल्यात राहिला. आता मी लोकांना सांगते की मेनूतले दोन पदार्थ काढा आणि त्या पैशात पाच-सहा वाढपी वाढवून घ्या, आकडा लिहून घ्या. पंगत असेल तर पंधरा पानांमागे एक वाढपी तरी हवाच, नाहीतर मीठ-लिंबू-चटणी डावीकडे वाढून होईपर्यंत उजवीकडची भाजी गार झालेली असते. गोड पदार्थ बुफेत कधीच लोकांच्या हातात देऊ नका, वाढप्याने वाढायचं. श्रीखंड माणशी १०० ग्रॅम धरलं तर चारशेला ४० किलो, पण स्वतः घ्यायला ठेवलं तर पहिले दीडशेच संपवतील, मी नातेवाईक ओळखते.

पैसे तीन भागांत द्या: ठरवताना थोडे, आठवडाभर आधी मोठा भाग, आणि उरलेले कार्यक्रम झाल्यावर ताटं मोजून. ताटं आल्यावर गड्डे मोजायचे, शेवटी उरलेली कोरी ताटं मोजायची, वजाबाकी केली की जेवलेली माणसं. यासाठी घरातला एक शांत माणूस नेमा, ज्याला फोटोत यायची हौस नाही. आमच्याकडे मामा. मामांनी केटररच्या आकड्यातली सत्तावीस ताटं कमी केली, हातात चहाचा कप धरून, आवाज न चढवता.

त्या दिवशी

गरम ते गरम आणि गार ते गार एवढं जरी सांभाळलं तरी पोटं बिघडत नाहीत. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि श्रीखंड-बासुंदी-दही ५ अंशांच्या खाली. थर्मामीटर घेऊन फिरायची गरज नाही, भांड्याखालची शेगडी पेटलेली आहे ना आणि श्रीखंडाची पातेली बर्फात आहेत ना एवढं बघा. उन्हाळ्यात कोशिंबिरीत दही आयत्या वेळी घालायला सांगा, दोन तास आधी नाही.

साडेसातला, म्हणजे गर्दी व्हायच्या आधी, नवरा-नवरीसाठी आणि दोन्हीकडच्या आईबाबांसाठी सहा ताटं बाजूला काढायला सांगा, झाकून, खोलीत, नाव सांगून. हे आम्ही केलं नाही. साडेदहाला बहीण स्टेजवरून उतरली तेव्हा जिलेबीचा चुरा, गार पावभाजी आणि वितळलेलं आइस्क्रीम उरलं होतं, आणि तिने तो शालू नेसून, बांगड्या मागे सारून, शेवटी आचाऱ्यांनी त्यांच्या स्वतःसाठी ठेवलेला दहीभात खाल्ला, लोणच्याबरोबर. तिला विचाराल तर तोच सगळ्यात भारी होता.

उरलेल्या जेवणाचं आधीच ठरवा. तुमच्या गावात उरलेलं अन्न नेणारे ग्रुप असतील तर त्यांना दोन दिवस आधी फोन करून वेळ सांगून ठेवा, रात्री अकराला फोन केला तर गाडी कुठून येणार? त्यांना न वाढलेलं, झाकलेलं, पातेल्यातलंच द्यायचं, बुफेवरचं नाही. घरी न्यायला स्वतःचे मोठे स्टीलचे डबे गाडीत टाकून ठेवा. आणि रात्रभर बाहेर राहिलेलं दुधाचं काही सकाळी नातेवाइकांना बांधून देऊ नका, मावशीने कितीही हट्ट केला तरी.